शिक्का मारलेली पोच: पुण्यातील ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद यांस

विषय: तरुण मतदारांबरोबर दरमहा एक बैठक घेण्याबाबत

सविनय नमस्कार.

शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली एकवीस वर्षे राज्यशास्त्र शिकवते आहे. वयाने मी आपल्यापैकी अनेकांच्या मुलीसारखी आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या आईसारखी आहे, त्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी माझ्या कानावर येतात. आपण म्हणता, की आजच्या मुलांना मोबाइलपलीकडे जग नाही. मुले म्हणतात, की आजी-आजोबांपुढे राजकारणाचा विषय काढला की पाच मिनिटांत प्रवचन सुरू होते. दोन्ही गाऱ्हाण्यांत तथ्य आहे. तरीही हे पत्र मी मुलांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण आपल्याकडे बसायला जागा आहे, सकाळ-संध्याकाळचा वेळ आहे, नोंदणी केलेली संघटना आहे, आणि मुलांना अत्यंत गरजेची असलेली एक विद्याही आहे, जिची किंमत आपल्या स्वतःच्या लक्षात आलेली नाही, असे माझे मत गेल्या काही महिन्यांत झाले आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका संघाने माझ्या विद्यार्थ्यांना आपल्या साप्ताहिक सभेला बोलावले. संघाचे नाव लिहीत नाही. त्यांनी प्रेमाने बोलावले होते आणि त्यांच्या आतिथ्यात काही उणे नव्हते. मी नऊ जणांना घेऊन गेले. काही बारावीचे होते, काही माझे जुने विद्यार्थी, म्हणजे बावीस ते पंचवीस वर्षांचे, नोकरी करणारे किंवा शोधणारे. विषय फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिला होता: ‘तरुण पिढी आणि लोकशाही’. दीपप्रज्वलन झाले, गुलाबाची फुले झाली, त्या आठवड्यातले वाढदिवस झाले. मग अध्यक्षांनी प्रास्ताविक केले ते चाळीस मिनिटे चालले आणि प्रमुख पाहुण्यांनी त्याहून थोडा अधिक वेळ घेतला. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने वहीत रेघा ओढून मोजले; सोळा झाले. आभार मानले गेले, प्रत्येकाच्या हातावर बेसनाचा लाडू आणि चिवड्याची पुडी आली आणि तरुण पिढीशी संवाद संपन्न झाला. नऊपैकी एकाचाही आवाज त्या सभागृहात उमटला नव्हता.

खरी गोष्ट घडली ती खाली, जिन्याजवळ, जिथे चपला काढलेल्या होत्या. एक आजी वाकून आपली चप्पल शोधत होत्या आणि माझा एक पंचविशीचा विद्यार्थी ती शोधून द्यायला वाकला. आजींनी सहज विचारले, ‘तू मत देतोस का रे?’ तो म्हणाला, ‘लोकसभेला दोनदा दिलं, विधानसभेला दोनदा. महापालिकेला एकदाही नाही.’ आजींना वाटले, हा टाळाटाळ करतोय. मग त्याने हिशोब सांगितला. पुणे महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली, तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्यानंतर निवडणूकच झाली नव्हती, तर मत देणार कुठे?

आजी क्षणभर गप्प झाल्या आणि मग चप्पल हातात धरूनच त्यांनी स्वतःचा हिशोब सांगितला. मार्च १९७७ मध्ये, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत, त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. घरात गव्हाच्या पिठाची खळ शिजवून त्यांनी भावाला पोस्टरे चिकटवायला दिली, चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह खडूने भिंतींवर काढले, पण मतदानाच्या दिवशी त्यांना घरी बसावे लागले, कारण त्या काळी मतदानाचे वय एकवीस होते. ते अठरा झाले ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये, आणि तोवर आजींना दोन मुले झाली होती. ‘इतकी रडले होते मी त्या दिवशी,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तुला मत असून निवडणूकच नाही होय!’ पुढची वीस मिनिटे ती दोघे जिन्यावर बसून बोलत होती. रिक्षावाला दोनदा हाका मारून गेला. वरच्या सभागृहात दीड तासात जे झाले नाही ते इथे झाले, आणि त्याचे कारण मला तरी इतकेच दिसते, की इथे दोघांनाही दुसऱ्याची गोष्ट आधी ठाऊक नव्हती आणि ती ऐकून घेण्याची इच्छा होती.

त्या मुलाचा हिशोब मी वर्गात पुन्हा मांडला, तेव्हा त्याचा आवाका लक्षात आला. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर महापालिकेचे मतदान झाले. म्हणजे दोन निवडणुकांमध्ये जवळजवळ नऊ वर्षे गेली, आणि या शहरातला सव्वीस वर्षांपर्यंतचा प्रत्येक मतदार यंदा नगरसेवक निवडण्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. त्यातही ज्यांना १ जुलै २०२५ नंतर अठरा वर्षे पूर्ण झाली ते यादीबाहेरच राहिले, कारण स्थानिक निवडणुकांसाठी त्या तारखेची विधानसभेची यादी वापरली गेली. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेली माझी एक विद्यार्थिनी मतदानाच्या दिवशी आईबरोबर केंद्रापर्यंत गेली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. आजींची १९७७ सालची गोष्ट तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितली, तेव्हा ती म्हणाली, ‘मला त्यांना भेटायचंय.’

मधल्या काळात या मुलांच्या लेखी महापालिका म्हणजे काय होती, याची कल्पना आपण करून पाहावी. आपल्या पिढीला नगरसेवक नावाचा माणूस ठाऊक आहे. पाणी आले नाही की त्याच्या दारात जायचे, तो घरी नसला तर त्याच्या आईजवळ निरोप ठेवायचा, त्याने टाळले तर पुढच्या वेळी पाडायचे, हा व्यवहार आपण कित्येक वर्षे केला. मुलांना तो माणूस माहीतच नाही. त्यांच्यासाठी महापालिका हे एक ॲप आहे, ज्यावर खड्ड्याचा फोटो टाकला की ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश येतो आणि खड्डा जिथल्या तिथे असतो. चार अंदाजपत्रके कोणत्याही निवडून आलेल्या माणसाने हात वर न करता मंजूर झाली, कारण मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार आयुक्तांकडेच होते. हे चुकीचे आहे, असे मुलांना वाटले नाही. त्यांना वाटले, हे असेच असते. अजून एक गुंता आहे. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ पासून चौघांचा. यंदा ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले, आणि माझ्या विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: ‘मॅडम, या चौघांतला माझा कोणता?’ मला उत्तर देता आले नाही. तुमच्यातल्या ज्यांनी चारही पद्धती पाहिल्या आहेत, त्यांना कदाचित देता येईल.

आता त्या विद्येविषयी. जिन्यावरच्या त्या गप्पांत आणखी एक गृहस्थ येऊन मिळाले होते. ते एका सरकारी खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले आहेत, बोलतात कमी. मुलांनी त्यांना आमच्या महाविद्यालयासमोरच्या पदपथाची कहाणी सांगितली: मध्येच विजेची डीपी उभी आहे, तिच्या पुढे फरशा उखडलेल्या आहेत, त्यामुळे मुलींना रस्त्यावर उतरून बसच्या आणि दुचाकींच्या मधून चालावे लागते. ‘तक्रार केलीत का?’ त्यांनी विचारले. ‘चार वेळा,’ मुले म्हणाली आणि मोबाइलवरचे फोटो दाखवू लागली. ‘पोच कुठंय?’ त्यांनी विचारले. पोच हा शब्दच मुलांनी ऐकलेला नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यांनी मुलांना पत्र लिहायला बसवले. दोन प्रती. वर प्रति, मग विषय, मग संदर्भ. एका पत्रात एकच मागणी. ‘त्रास होतो’ असे लिहायचे नाही. कुठून कुठपर्यंत, किती फूट, कोणत्या खांबाजवळ, ते लिहायचे. भाषा नम्र, पण ‘विनंती आहे’ या शब्दांच्या पुढे ‘केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी’ हे वाक्य आलेच पाहिजे. सोमवारी ते स्वतः दोघांना घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले, आवक-जावकच्या खिडकीपाशी उभे राहिले, आणि खिडकीतल्या बाईंनी पत्र ठेवून घेऊन ‘जा आता’ म्हटल्यावर मुले वळणार, इतक्यात त्यांनी दुसरी प्रत पुढे सरकवली. त्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडला. बाहेर आल्यावर ते मुलांना म्हणाले, ‘शिक्का नाही तर पत्र नाही. आता हा कागद तुमचा आधार आहे, जपून ठेवा.’ त्या दोघांतल्या एकाने तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आहे. मी माझ्या विषयात एकवीस वर्षे गुण वाटले, पण ही गोष्ट मी कोणाला शिकवली नव्हती. खरे सांगायचे तर मलाही ती नीट येत नव्हती.

शिकणे एकतर्फी झाले नाही. पत्राला सव्वादोन महिन्यांनी उत्तर आले, ते दोन ओळींचे: आपले पत्र प्राप्त झाले असून ते पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे. निवृत्त गृहस्थ ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे म्हणून थांबायला तयार होते. मुलांनी ऐकले नाही. एका मुलीने महापालिकेच्या संकेतस्थळावरून अंदाजपत्रकाची शेकडो पानांची फाइल उतरवली, तीत रस्त्याचे नाव शोधले आणि त्या पदपथासाठीची तरतूद अर्ध्या तासात सर्वांसमोर ठेवली. गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा वाचला. त्यांच्या काळी हे पान बघायला मिळण्यासाठी ओळख लागे. मग माहिती अधिकाराचा अर्ज झाला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागला, आणि तो कुठे चिकटवायचा हे मात्र पुन्हा त्यांनीच दाखवले. डीपी अजून तिथेच आहे. फरशा फेब्रुवारीत बसल्या, निम्म्या.

दोन ओळींचे ते उत्तर आले, तेव्हा मुले फार चिडली होती, आणि त्यांना समजावताना मला या शहराचीच एक जुनी गोष्ट आठवली. सार्वजनिक सभा आपल्या पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. कोणालाही मताचा अधिकार नसलेल्या त्या काळात सभेच्या सभासदाला किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे, म्हणजे मी यांच्या वतीने बोलतो याचा कागद दाखवावा लागे. पुढे तरुण गोपाळ कृष्ण गोखले न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सभेचे काम करू लागले. इतकी मेहनत घेऊन, आकडे जमवून आपण सरकारला अर्ज पाठवतो आणि सरकार ‘मजकुराची नोंद घेतली’ यापलीकडे काही कळवत नाही, याचा त्यांना उबग आला आणि त्यांनी रानड्यांना तसे विचारले. रानड्यांनी दिलेले उत्तर गोखल्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. हे अर्ज नावापुरते सरकारला असतात, खरे तर ते आपल्या लोकांसाठी आहेत, म्हणजे या बाबींवर विचार कसा करायचा हे लोक शिकतील, अशा अर्थाचे ते उत्तर होते. आणि दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न ठेवता हे पुष्कळ वर्षे करावे लागेल, असेही त्यांनी बजावले होते. दोघांच्या वयात चोवीस वर्षांचे अंतर होते. वडीलधाऱ्याने तरुणाला गप्प बसवले नाही आणि तरुणाने वडीलधाऱ्याला निरुपयोगी ठरवले नाही. समोर टेबलावर अर्जाचा मसुदा होता आणि त्यावर दोघे भांडत होते, असे चित्र मी मनाशी उभे करते.

आपल्याला न आवडणारी एक गोष्टही मला लिहिली पाहिजे. ऑक्टोबरमध्ये आपल्यापैकी सहा जण आणि मुले अशी एक छोटी बैठक झाली, तेव्हा बारावीतल्या एका मुलीने विचारले, ‘साडेतीन वर्षं निवडणूक झाली नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, पण खोलीत शांतता पसरली. एक जण म्हणाले, प्रकरण कोर्टात होते. ते खरेच आहे: इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेत वारंवार झालेले बदल, आणि ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढायला सांगेपर्यंत लांबलेली सुनावणी, यांतले काही सामान्य नागरिकाच्या हाती नव्हते. परंतु मुलीचे म्हणणे वेगळे होते. राज्यघटनेच्या कलम २४३-यू मध्ये महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे लिहिलेले आहे. मग त्याबद्दल एखादे पत्र, एखादी सभा, एखादा ठराव? एका आजोबांनी प्रामाणिकपणे सांगितले, ‘नगरसेवक नसल्यानं आमचं काही अडलं नाही असं वाटलं, म्हणून गप्प बसलो.’ त्या संपूर्ण संध्याकाळीतले हे सर्वांत मोलाचे वाक्य होते. मुलांनी नंतर त्याची चेष्टा केली नाही. उलट ते आजोबा त्यांना एकदम जवळचे वाटू लागले.

दोष फक्त आपला नाही, हे मी त्याच बैठकीत कबूल केले, ते इथेही करते. त्याच काळात मी वर्गात दरवर्षी शिकवत होते, की स्थानिक स्वराज्य संस्थांची मुदत पाच वर्षांची असते. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला: ‘मॅडम, पेपरात पुस्तकातलं लिहायचं की खरं?’ मी म्हणाले, पुस्तकातलं. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

मुलांचेही काही सांगायला हवे, नाहीतर हे पत्र लबाड ठरेल. ऑगस्टमधल्या नऊपैकी तिसऱ्या बैठकीला चौघेच उरले. उशिरा येणे हा त्यांचा स्वभाव आहे. दहा वाजता म्हटले की पावणेअकराला येतात आणि तोवर आपल्यातले निम्मे लोक औषधाच्या वेळेसाठी घरी गेलेले असतात. एखादी गोष्ट लगेच झाली नाही की त्यांचा धीर सुटतो. आणि व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर खरा की खोटा, हे तपासण्याच्या बाबतीत ती तुमच्याहून फार पुढे आहेत, असा त्यांचा जो समज आहे, तो माझ्या अनुभवाशी जुळत नाही. फरक एवढाच, की आपण चुकीचा मजकूर ‘शुभ सकाळ’ लिहून पाठवता आणि ती त्यावर संगीत घालतात.

म्हणून माझी मागणी अशी आहे. महिन्यातून एक बैठक आपण तरुणांबरोबर घ्यावी, आणि तिचा विषय ‘लोकशाही’, ‘संस्कार’ किंवा ‘आजची पिढी’ असा ठेवू नये. विषय म्हणजे एक काम असावे: एक पदपथ, एक बसथांबा, अंदाजपत्रकातले एक पान, मतदार यादीतल्या एका गल्लीची तपासणी. मतदार नोंदणीच्या अर्हता तारखा आता वर्षातून चार आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली तारीख. आपल्या इमारतीतल्या कोणत्या मुलाला कधी अठरा पूर्ण होतात, हे ज्या आजींना पाठ असते त्यांनी नमुना क्रमांक सहा भरून घेतला, तर निवडणूक आयोगाच्या मोहिमेपेक्षा अधिक काम होईल. महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागाच्या एका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून आहे, तरी क्षेत्रसभा पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आता नगरसेवक आले आहेत. त्यांना शिक्का मारलेल्या पत्राने ती मागायची असेल तर त्या पत्रावर सत्तरीतल्या आणि विशीतल्या सह्या शेजारी शेजारी असाव्यात. खुर्च्या गोल मांडाव्यात, व्यासपीठ नसावे, आणि पहिला अर्धा तास ज्यांचे वय पंचविशीच्या आत आहे त्यांनीच बोलावे, हा एक नियम मात्र लिहून ठेवावा, कारण अलिखित नियम पहिल्याच पाहुण्याबरोबर मोडतो.

आपल्या आठवणी सांगू नका, असे मी म्हणत नाही. पानशेतचा पूर, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, हे सारे मुलांना ऐकायचे आहे. आजींच्या खळीची गोष्ट त्यांनी निदान वीस जणांना सांगितली असेल. फक्त त्या आठवणीत आपण चुकलो ती जागाही सांगावी. त्यावेळी कोणाला घाबरलो, कोणाच्या सांगण्यावरून मत दिले, घरातल्या बाईचे मत कोणी ठरवले. आमच्या बैठकीत एका काकांनी सांगितले, की त्यांनी पत्नीला पंचवीस वर्षे चिन्ह सांगून पाठवले, आणि काकू शेजारून म्हणाल्या, ‘मी कुठं तेच दाबत होते!’ त्या दिवशी मुले जितकी हसली तितकी आमच्या वर्गात कधी हसलेली मी पाहिली नाहीत.

जूनमध्ये महाविद्यालय उघडल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता आमचा ग्रंथालयाशेजारचा वर्ग मोकळा असतो. तो दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहक नाही. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर आम्ही आपल्या विरंगुळा केंद्रात येऊ. मुलांना मी सव्वानऊची वेळ सांगेन, म्हणजे ती पावणेदहाला येतील. माहिती अधिकाराच्या अर्जाचे उत्तर, पोचेची प्रत आणि निम्म्या बसलेल्या फरशांचे फोटो आम्ही घेऊन येऊ. दुसऱ्या पत्राचा मसुदा अजून लिहायचा आहे. गुलाबाची फुले आणू नयेत, लाडू चालतील.

आपली नम्र,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका, पुणे